रिकाम्या बार्जचं वजन

१

मोठा नग नदीपार करायचा तर बार्जवरची खूण तीनदा वाचायची, असा नियम होता. एकदा बार्ज रिकामा असताना, एकदा माल चढवल्यावर आणि एकदा पलीकडच्या काठाला माल उतरवल्यावर. बार्जच्या पुढच्या टोकावर पांढऱ्या रंगात फूट आणि इंच काढलेले होते. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते मी मोठ्याने वाचायचं, कस्टम्सच्या देवस्थळींनी लिहून घ्यायचं आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. बार्ज एक इंच बुडाला की दोन पॉइंट आठ टन. हिशेब इतका सरळ होता, आणि मला सरळ हिशेब आवडायचे.

१९५९ सालचा जानेवारी होता. भोपाळ राजधानी होऊन दोन वर्षं झाली होती. नागपूरची कचेऱ्यांची कपाटं बैलगाड्यांतून स्टेशनवर जाताना मी पाहिली होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला, वडील नागपूरलाच राहिले, आणि मी डिग्री हातात पडताच भोपाळला आलो. सगळं नव्याने उभं राहत होतं तिथे मला असायचं होतं. गोविंदपुऱ्याला माळरानावर आमचा कारखाना उठत होता. त्याच्या वाहतूक विभागात मी असिस्टंट होतो. वय चोवीस, आणि एक दिवस वाया गेला तरी रात्री झोप येत नसे.

कारखान्याच्या पोलाद दाबणाऱ्या प्रेससाठी विलायतेहून तीन अजस्र ओतीव नग आले होते, प्रत्येकी बेचाळीस टनांचे. बुधनीच्या पुढे रेल्वेला बोगदे आहेत आणि आमचे नग बोगद्यांत मावणारे नव्हते. बुधनीला एवढा नग उतरवायची सोय नव्हती. म्हणून ते अलीकडे होशंगाबादलाच वॅगनवरून उतरवायचे, लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेल्या पोलादी बार्जवर चढवायचे, नर्मदा ओलांडायची आणि बुधनीच्या काठावरून ट्रेलरने भोपाळला न्यायचे. मुंबई बंदरात पेट्या उघडायच्या नाहीत, सील ठोकून पाठवायच्या आणि तपासणी गोविंदपुऱ्याच्या शेडमध्ये करायची, अशी परवानगी मिळाली होती. त्यासाठी काशिनाथ देवस्थळी नावाचे पन्नाशीचे अप्रेझर मुंबईहून आमच्या बोकांडी बसवले गेले होते. एवढं वजन पेलणारा काटा वाटेत कुठेच नव्हता. म्हणून बार्ज हाच काटा.

माल चढवणं-उतरवणं विजय अष्टपुत्रेकडे होतं. जवाहर चौकाजवळच्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. पुण्याचा, माझ्याच वयाचा, आणि इतका किडकिडीत की खलाशी त्याला पाठीमागे ‘काडीसाहब’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं.

“उद्या, लेका,” माझं नाव असं मोडून तो मला म्हणायचा, “एक दिवस मला वारा घेऊन जाईल आणि तू रिपोर्टात लिहिशील, वाहतुकीत दोन तास विलंब.”

पहिला नग चढवण्याआधी मी खूण वाचली. दोन फूट. नग चढल्यावर वाचली. तीन फूट तीन इंच.

“पंधरा इंच,” देवस्थळी म्हणाले. “बेचाळीस टन. कागदाशी जुळतंय. चिरंजीव, साहेब लोकांनी एकदा तरी खरं लिहिलंय.”

२

दुसऱ्या दिवशी बुधनीच्या काठाला नग उतरवायला सकाळचे तीन तास गेले. ट्रेलरवर तो नीट बसला, खलाशांनी नर्मदामाईचा जयघोष केला, विजयने टोपी उडवली. मी खूण वाचायला पाण्याशी गेलो.

दोन फूट दहा इंच.

मी पुन्हा वाचलं. मग बूट काढून गुडघाभर पाण्यात उतरलो आणि बोट लावून वाचलं.

“बोला,” देवस्थळी वही उघडून उभे होते.

“दोन दहा.”

“दोन शून्य म्हणायचंय तुम्हाला.”

“दोन दहा.”

ते स्वतः आले, चष्मा पुसून वाकले. “म्हणजे पाच इंच उठला. चौदा टन. मग बाकीचे अठ्ठावीस टन? विलायतेहून आलेलं बीड नदीत विरघळलं काय, चिरंजीव?”

“पाणी शिरलं असेल आत.”

“असेल. पण मी असेल लिहीत नाही.”

बार्जवर एकही वस्तू उरली नव्हती. साठ फूट लांब, वीस फूट रुंद, लाकडी फळ्यांचा मोकळा डेक. वर ऊन पडलेलं. विजय कमरेवर हात ठेवून बघत होता. “अठ्ठावीस टन,” तो म्हणाला. “माणशी दीड मण धर. पाचशे माणसं झाली की.” आणि हसला.

बार्जचे दोर सांभाळणारा कंछेदी केवट काठावर उकिडवा बसून बिडी ओढत होता. सत्तरीचा असेल. त्याचे आजे-पणजे याच घाटावर नाव चालवत होते. बार्ज परत होशंगाबादच्या काठाला न्यायचा म्हणून मी त्याला दोर सोडायला सांगितलं. तो हलला नाही.

“अभी नहीं, साहब.”

“क्यों?”

“माल उतरा है. सवारी नहीं उतरी.”

हे तो इतक्या सहज म्हणाला की मी डेककडे मान वळवून बघितलंच.

“कौनसी सवारी?”

“पूछते नहीं, साहब. थोड़ा रुकते हैं बस. उतर जाते हैं तो नाव अपने-आप उठ जाती है. कभी एक पहर, कभी दो दिन.” त्याने बिडी वाळूत विझवली. “इस घाट पर सदा से ऐसा ही है. आप लोगों की नाव बड़ी है, तो ज्यादा चढ़े होंगे.”

मला हसू आलं नाही, राग आला. रोज नदी बोटभर उतरत होती. पंधरा दिवसांत घाटाच्या उतरणीला पाणी टेकलं नसतं, उरलेले नग पावसाळ्यानंतरवर गेले असते आणि प्रेस एक वर्ष मागे पडला असता. देश उभा राहतोय, आणि एक म्हातारा बिडी ओढत नाव उठायची वाट बघत बसलाय!

“टाक्या उघडा,” मी म्हटलं. “मी उतरतो आत.”

३

बार्जच्या पोटात चार टाक्या होत्या. प्रत्येकीला एक माणूस जाईल एवढं झाकण. खलाशांनी पहिलं झाकण काढलं आणि मी टॉर्च घेऊन शिडीने उतरलो.

आत कोरडं होतं. तळाला गंजाची बारीक धूळ होती आणि तिच्यात माझ्या पावलांचे ठसे उमटत होते. ओल नाही, गळती नाही, गाळ नाही. दुसरी टाकीही कोरडी, तिसरीही. चौथीत उतरलो तेव्हा माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. मी पोलादाच्या भिंतीला हात लावून विचार करत होतो की आकडे चुकीचे रंगवले असतील. मग लक्षात आलं की काल हेच आकडे बरोबर होते.

तेव्हा डोक्यावर आवाज सुरू झाला.

आधी वाटलं खलाशी डेकवर चालताहेत. पण चालण्याचा आवाज एका बाजूकडून दुसरीकडे जातो. हा कुठेच जात नव्हता. जागच्या जागी होता, सगळ्या डेकभर. खूप वेळ उभं राहिलेली माणसं या पायावरचा भार त्या पायावर घेतात, तसा. मधेच कुणी खाली बसल्यासारखा. एखादं बोचकं या हातातून त्या हातात. बोलणं नव्हतं. वरच्या फळ्या करकरत होत्या आणि त्यांच्या फटींतून येणारा उजेड मधेमधे बंद होत होता. पट्टी विझायची, पुन्हा लागायची, शेजारची विझायची.

मी ओरडलो, “विजय! डेकवर कोण आहे?”

त्याचा आवाज लांबून आला. “कुणी नाही! आम्ही सगळे काठावर आहोत. का रे?”

मी शिडी कशी चढलो आठवत नाही. डोकं झाकणाबाहेर निघालं तेव्हा डेक रिकामा होता. ऊन होतं. काठावर खलाशी चहा पीत होते. कंछेदी पाण्याकडे तोंड करून बसला होता, डेककडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखा.

पोलाद उन्हाने तापतं, प्रसरण पावतं, आवाज करतं. हे मी भौतिकशास्त्रात शिकलो होतो. काठावर पाऊल टाकेपर्यंत मी ते स्वतःला पाच-सहा वेळा सांगितलं असेल.

“कोरडं आहे,” मी देवस्थळींना म्हटलं. “खुणेत चूक आहे. बार्ज परत घ्या. उद्या सकाळी दुसरा नग.”

कंछेदी उठून माझ्याजवळ आला. एरवी तो साहेबांपासून चार हात लांब उभा राहायचा. “साहब, जिनको पार पहुँचाया, उन्हीं को वापस ले जा रहे हो.”

“दोर सोड.”

त्याने सोडला. बार्ज दोन फूट दहा इंचांवर होशंगाबादकडे परत गेला.

४

सकाळी खूण तीच होती. दुसरा नग चढला तेव्हा पाणी चार फूट एक इंचाला आलं. बार्जची बाजू साडेचार फूट. पाच इंच उरले. धुकं नुकतंच विरलं होतं आणि पाणी काचेसारखं होतं, लाट नव्हती. पाच इंच पुरेसे होते.

“लिहून देताय?” देवस्थळींनी विचारलं.

मी लिहून दिलं. ‘बार्ज रिकामा असल्याची खात्री केली.’ सही, तारीख.

नगाच्या साखळ्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस बार्जवर लागायचा. पहिल्या नगाबरोबर चौघं खलाशी चढले होते. त्या दिवशी एकही चढेना. कुणाचं पोट दुखत होतं, कुणाची आई आजारी होती.

“अरे, मी जातो ना,” विजय म्हणाला. “काडीने काय बुडणार आहे?” मग माझ्याजवळ येऊन हळूच, “उद्या, खरं सांग, काल आत काय झालं? तू चुन्यासारखा पांढरा होऊन वर आलास.”

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. थांबूया, एवढा एकच शब्द पुरला असता.

“पोलाद तापलं होतं,” मी म्हटलं. “जा लवकर. ट्रेलर अकराला यायचाय.”

पलीकडच्या काठावरच्या विंचने, रस्सा गुंडाळणाऱ्या यंत्राने, बार्ज ओढायला सुरुवात केली. मी काठावरून दुर्बिणीतून बघत होतो. नग मधोमध होता, त्याच्या चारी बाजूंना आठ-दहा फूट मोकळा डेक. विजय साखळीपाशी खिशात हात घालून उभा होता. शीळ घालत असावा.

नदीच्या मध्यावर त्याने हात खिशातून काढले. त्याने एक पाऊल बाजूला घेतलं. थोड्या वेळाने आणखी एक. मान किंचित तुकवली, आपण कुणाला ‘या, या’ म्हणतो तशी. मग कोपर अंगाशी घेतले, खांदे आवळले, छाती आत ओढली. मोकळ्या डेकवर तो हळूहळू कडेला सरकत गेला आणि कडेला पोचल्यावर तसाच आवळून उभा राहिला, हनुवटी वर करून, श्वासाला जागा शोधत असल्यासारखा. एकदा त्याने हात वर उचलला. वाटलं मला खूण करतोय. पण तो हात खाली आणायला त्याला जागा मिळत नव्हती. उरलेली नदी त्याने हात वर ठेवूनच ओलांडली.

मी दुर्बीण देवस्थळींकडे दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि परत दिली.

होडीने पलीकडे पोचलो तोवर नग उतरत आला होता. विजय आधीच उतरून ट्रेलरच्या पुढच्या सीटवर बसला होता, डोळे मिटून. मी पाण्याशी धावलो. नग उचलला गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत बार्ज उठला. दोन फूट. बरोब्बर दोन फूट, शून्य इंच.

“बघा!” मी ओरडलो. “बघा देवस्थळी! तळाला गाळ अडकला असेल, सुटला!”

कंछेदी बार्जकडे बघत नव्हता. “वो दुबले बाबू कहाँ हैं?” त्याने विचारलं.

“ट्रेलर में. भोपाल जा रहे हैं.”

कंछेदीने खांद्यावरचं फडकं काढलं, तोंड पुसलं आणि तो दोर गुंडाळू लागला.

५

गोविंदपुऱ्याच्या शेडमध्ये तपासणी सुरू झाली. पत्र्याचं छप्पर, एका टोकाला कस्टम्सचं टेबल, लाखेचा वास. सीलं तोडायची, पेटीतला प्रत्येक भाग यादीशी ताडायचा, लहान पेट्या जमिनीतल्या काट्यावर ठेवून तोलायच्या. काटा वीस मणांपर्यंत तोलायचा. देवस्थळी रोज सकाळी त्यावर प्रमाणित वजनं ठेवून तो तपासत आणि मगच कामाला हात लावत.

विजय चार दिवसांत बदलला होता. पायऱ्या चढताना थांबायचा. दारातून आत येताना क्षणभर बाजूला उभा राहायचा आणि मग यायचा. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थकवा सांगितला, टॉनिक दिलं.

शनिवारी दुपारी तो एक पेटी काट्यावरून खाली घेत होता. पेटी उतरवली आणि दम खायला तो काट्याच्या पाटावर उभा राहिला. दांडी खाडकन वर आदळली.

देवस्थळी टेबलावरून म्हणाले, “कोण चढलं?”

“मीच,” विजय म्हणाला.

“पाटावर काही राहिलंय का बघा.”

काही नव्हतं. देवस्थळी उठून आले. सवयीने त्यांनी दांडीवरचं सरकतं वजन पुढे नेलं. दोन मण. पाच. दहा. ते शेवटच्या खाचेपर्यंत गेलं, वीस मण. दांडी वरच होती. पाटाच्या खालून, जमिनीतून, लोखंड ताणल्याचा एक बारीक आवाज येऊ लागला.

“अष्टपुत्रे, खाली उतरा,” देवस्थळी म्हणाले. आवाज अगदी मऊ होता.

विजय उतरला. दांडी पडली. देवस्थळींनी प्रमाणित वजनं ठेवली, एक मण, पाच मण, दहा मण. काटा अचूक होता.

“मोडलाय का हो?” विजयने विचारलं.

“हो,” देवस्थळी म्हणाले. “मोडलाय. तुम्ही घरी जा, विश्रांती घ्या.”

तो गेल्यावर त्यांनी मला बसवलं. त्यांच्यासमोर माझा कागद होता. “चिरंजीव, तीस वर्षं मी लोकांनी सांगितलेलं वजन आणि खरं वजन यातला फरक शोधतोय. चोर पाहिले, विसरभोळे पाहिले.” त्यांनी बोट कागदावर ठेवलं. “रिकामा असल्याची खात्री केली. कशी केलीत?”

मी माझ्या सहीकडे बघत होतो.

“तुम्ही आत उतरलात, ऐकलंत आणि वर येऊन कोरडं आहे म्हणालात. तोंड बघितलं होतं मी तुमचं.”

“मग तुम्ही का नाही थांबवलंत?”

“सही तुमची होती ना,” ते म्हणाले आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. “म्हणून.”

६

रविवारी दुपारी मी खोलीवर होतो. बाहेर जवाहर चौकात नवीन दुकानांची सुतारकामं चालू होती, रंधा फिरत होता. विजय खाटेच्या अगदी काठावर, एका कुशीवर, हात छातीशी धरून पडला होता. उरलेली खाट मोकळी होती, आणि खाटेच्या नवारी मधोमध खाली ओढल्या गेल्या होत्या. तो हलला नाही तरी त्या करकरत होत्या. मी पुस्तक समोर धरून एकच ओळ वाचत होतो.

“नीट झोप की,” मी म्हटलं. “पडशील.”

“जागा कुठाय?”

तो थट्टा करतोय असं वाटावं म्हणून मी हसलो.

“उद्या,” तो डोळे न उघडता म्हणाला, “वाईट लोक नाहीयेत रे ते. कुणी त्रास देत नाही. फक्त दमलेत. खूप दिवसांपासून उभे आहेत. मी बसलो तर कुणाच्या तरी मांडीवर बसेन असं वाटतं, म्हणून मीही उभाच राहतो.”

“कोण ते?”

“माहीत नाही. घरची भांडी आहेत बरोबर. एका बाईच्या हातात पाळण्याची दोरी आहे, नुसती दोरी.” त्याने ओठ ओले केले. “मला विचारतात, आलं का? मी काय सांगू? मला तरी कुठे माहितीय? पाय वळतात रे माझे. मी फार दिवस नाही उभा राहू शकणार.”

मी उठून त्याच्याजवळ गेलो. त्याच्या खांद्यांवर शर्ट दबला होता, दोन्हीकडे, हात ठेवल्यावर कापड दबतं तसा. मी तिथे हात लावला नाही. खाटेच्या पायांखालच्या चारही शहाबादी फरशा तडकलेल्या होत्या.

मला शिकवलेलं सगळं त्या खोलीत मी पुन्हा एकदा आठवून पाहिलं. मग जीपची चावी घेतली.

७

सोमवारी पहाटेच निघालो. ओबेदुल्लागंजच्या पुढच्या चढावर जीप पहिल्या गियरमध्ये रडत होती आणि मी मागे वळून बघत नव्हतो. बुधनीला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. बार्ज याच काठाला बांधलेला होता. तिसरा नग होशंगाबादला वॅगनवर तसाच उभा होता, आणि त्या दिवशी तो उतरवायचा ठरला होता.

कंछेदी विजयला बघून उठून उभा राहिला.

“यहीं उतरना था ना उनको?” मी म्हटलं.

“हाँ, साहब.”

“चढाऊँ इनको?”

“चढ़ाइए. फिर रुकना पड़ेगा.”

“कितना?”

“जितना लगे.”

कंछेदीने सागाची एक लांब फळी काढली आणि बार्जच्या कडेपासून काठापर्यंत टाकली. विजय माझा हात धरून वर गेला. फळी पाण्याला टेकेल इतकी वाकली. त्याचं पाऊल डेकवर पडलं आणि बार्ज खाली बसला, दमलेली म्हैस बसते तसा. मी खूण वाचली. वाचायची गरज नव्हती. दोन फूट दहा इंच.

“तू जा,” विजय म्हणाला. “मी इथेच आहे.”

मी खाली आलो आणि फळीच्या टोकाशी वाळूत बसलो. पलीकडच्या काठावरून खलाशांनी झेंडा हलवला: बार्ज पाठवा. मी हात आडवा केला. अर्ध्या तासाने पुन्हा झेंडा. मग होडीतून एक माणूस चिठ्ठी घेऊन आला, मोठ्या साहेबांची. मी वाचली आणि खिशात घातली.

काही होत नव्हतं. नदी होती, ऊन होतं. विजय डेकच्या कडेला उभा होता. माझ्या मनात आलं की आपण दोघंही आजारी आहोत, नोकरी मात्र फक्त माझी जाणार आहे. कंछेदी मागे बसला होता. त्या दिवशी त्याने बिडीही पेटवली नाही.

दहाच्या सुमाराला फळी वाकली.

वरच्या टोकाकडून वाकत आली, मधोमध खोल गेली, खालचं टोक वाळूत रुतलं, आणि ती सरळ झाली. वारा, मी म्हटलं. पान हलत नव्हतं. फळी पुन्हा वाकली. मग पुन्हा. या वेळी हलकी, दुडक्या चालीची, आणि तिच्या मागोमाग एक जड, सावकाश, दोनदा थांबून. मी पाय पोटाशी घेतले, वाटेत येऊ नयेत म्हणून. मग थोडं मागे सरकलो. कुणीतरी अगदी जवळून गेलं की अंगाला जी ऊब लागते तेवढीच लागत होती. धुराचा आणि बाजरीच्या पिठाचा वास होता. मी मोजू लागलो आणि एकशेसाठाच्या आसपास मोजणं सोडलं, कारण त्यांच्यासमोर मोजत बसणं मला बरोबर वाटेना.

बार्ज उठत होता. दोन नऊ. दोन सात. दुपारी दोन तीन. विजय आधी उभा होता, मग बसला, मग पाय पसरून, हात पसरून, डेकवर आडवा झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने एवढी जागा घेतली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या काठावरचा झेंडा कधीच खाली गेला होता.

चार वाजता पाणी दोन फुटांना टेकलं. फळी शेवटची एकदा वाकली, बराच वेळ वाकलेली राहिली, आणि स्थिर झाली. मी आणखी तासभर थांबलो. कुणी राहून जाऊ नये म्हणून.

मग हाक मारली. “विजय!”

तो उठून बसला. डोळे चोळले. चेहरा निवळला होता, पहिल्यासारखा.

“कसली झोप लागली रे,” तो म्हणाला. “भूक लागलीय. इथे काही मिळतं का, की देशासाठी उपाशीच राहायचं?”

मी हसलो, मोठ्याने हसलो. तो उठला, कपडे झटकले आणि नेहमीसारखा उड्या मारत फळीवरून खाली आला.

फळी वाकली नाही.

मी कंछेदीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं. त्याने मान खाली घातली आणि फळी उचलायला गेला.

“चल,” विजय म्हणाला. “असा काय बघतोस?”

“काही नाही,” मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला. उबदार होता, पण त्याचं वजन हाताला लागत नव्हतं. नदीवरून संध्याकाळचा वारा सुटू लागला होता. जीपपर्यंत मी तो हात सोडला नाही.